एर्लन्सबर्ग पडल्याची बातमी

"मेलेल्याचं नाव कोरं ठेव," ओदिल म्हणाली. "बाकीचं जुळवते. नाव नाही जुळवणार."

"नाव नसेल तर ती ओळच मेली," मी म्हणालो. "'एक ढोलवाला वेशीत पडला' असं कोणीही लिहील. 'पास्कल रुए, तेरावी पलटण, वय बेचाळीस, तीन लेकरांचा बाप' असं लिहिलं की पॅरिसमध्ये लोक डोळे पुसतात."

"अरे, पण रुए जिवंत आहे! दुपारी माझ्याकडून सुई-दोरा घेऊन गेलाय."

"उद्या वेशीवर पहिली पलटण त्याचीच आहे. ढोलवाला सगळ्यांच्या पुढे चालतो. नाही मेला तर नाव बदलू."

"तुझ्या जिभेला काही हाड?" ती म्हणाली. पण तिने नाव जुळवलं.

ही १७९३ च्या ऑक्टोबरची चौदा तारीख. त्या वर्षी फ्रान्सने पंचांगसुद्धा बदललं होतं. मी इथे जुन्याच तारखा देतो आहे. जानेवारीत आम्ही राजाचं डोकं उडवलं होतं आणि तेव्हापासून निम्म्या युरोपच्या फौजा आमच्या सीमांवर होत्या. आमची फौज उत्तरेला नाल्स नदीच्या अलीकडे तळ देऊन होती. पलीकडे एर्लन्सबर्ग. शहर ऑस्ट्रियनांकडे होतं आणि उद्या पहाटे ते आम्ही घेणार होतो.

मी, गास्पार व्हेर्देल, त्या फौजेच्या रोजच्या पत्रकाचा संपादक होतो. वय अठ्ठावीस. आमचा छापखाना एका गाडीत होता. वर डांबर फासलेलं कापड आणि ओढायला सहा घोडे. ओदिलचा नवरा त्या गाडीतला जुळारी. तो उन्हाळ्यात हगवणीने गेला, आणि दुसऱ्या दिवसापासून छपाईच्या अक्षरांचे शिशाचे खिळे ती जुळवू लागली, त्याच्यापेक्षा भराभर.

आमची काम करायची एक पद्धत होती. हल्ला नेहमी पहाटे व्हायचा आणि पॅरिसचं टपाल सकाळी दहाला निघायचं. शहर पडल्याचा निरोप येईपर्यंत साडेनऊ वाजत. अर्ध्या तासात लिहून, जुळवून, छापून होत नाही. म्हणून मी मजकूर आदल्या दिवशीच लिहायचो. कोणती पलटण कुठून शिरली, जनरल कुठे उभे होते, कोण पडलं. सकाळी निरोप आला की आकडे भरायचे आणि छापायचं. असं मी पाच वेळा केलं होतं. पाचही वेळा शहर पडलं होतं, कारण जनरल ब्रिजार सांगितलेल्या वेळी सांगितलेलं शहर घेत असत. आमची सवय त्यांच्या हुशारीवर पोसली होती.

आन्सेल्म ब्रिजार हे नावाड्याचे चिरंजीव. राजाच्या फौजेत एकोणीस वर्षं सार्जंट होते, कारण खानदान नसलेल्याला त्याच्या वर जाता येत नसे. क्रांती झाली आणि चार वर्षांत ते जनरल झाले. अभिनंदन करणाऱ्याला ते सांगत, "माझ्या शेवटच्या तीन बढत्यांत माझं काही कर्तृत्व नाही बाबा. वरच्यांची डोकी गेली." हे खरंच होतं. त्या वर्षी हरलेल्या जनरलला पॅरिसला बोलावणं येई, आणि पॅरिसहून कोणी परत येत नसे.

पंधरा तारखेला सकाळी नऊला प्रतिनिधी मोलिने गाडीपाशी आला. राष्ट्रसभेने प्रत्येक फौजेवर आपला एक माणूस नेमलेला असे. कमरेला तिरंगी पट्टा, टोपीत पिसं, आणि जनरललाही अटक करायचा अधिकार. हा मोलिने मूळचा वकील. रोजच्या टपालात त्याचं पत्र जाई, आणि त्याला जोडून आमचं पत्रक. टपालाची थैली त्याच्याच शिक्क्याने बंद होई.

पलीकडून तोफा ऐकू येत होत्या.

"पत्रक दे," मोलिने म्हणाला. नव्या रिवाजाप्रमाणे सगळे सगळ्यांना 'तू' म्हणत. मी जनरलना सोडून.

"निरोप आलेला नाही, नागरिक प्रतिनिधी."

"कान फुटले का तुझे? तोफा ऐक."

"तोफा आपल्या की त्यांच्या, ते इथून कळत नाही."

दोरीवर एक कच्ची प्रत वाळत होती. त्याने ती ओढून घेतली आणि उभ्या उभ्या वाचली. ढोलवाल्याच्या ओळीपाशी तो थांबला. त्याने घसा साफ केला.

"गेल्या आठवड्यात मोझेल नदीवरच्या फौजेचं पत्रक आपल्या आधी सभेत वाचलं गेलं," तो म्हणाला. "आपलं संध्याकाळी, सभागृह रिकामं असताना. त्यांनी एक खेडं घेतलं होतं, आपण शहर. ठाऊक आहे ना?"

ठाऊक होतं. ते मला त्याच्यापेक्षा जास्त झोंबलं होतं.

"आकडे भरायचे आहेत," मी म्हणालो.

"मग भर की."

मी भरले. कैदी नऊशे, तोफा बावीस. ओदिल माझ्याकडे बघत होती. मी तिच्याकडे पाहिलं नाही. दहाला टपाल गेलं.

अकराला जनरल आले. मांडीपर्यंत चिखल होता.

"आज नाही," त्यांनी घोड्यावरूनच सांगितलं. "वरच्या अंगाला त्यांनी बांध फोडला. पहाटे पाणी सात हात चढलं. आपला तराफ्यांचा पूल तीस पावलं कमी पडतोय. मी सहालाच थांबवलं सगळं." मग त्यांनी दोरीवरची दुसरी प्रत पाहिली. खाली उतरून ती शांतपणे वाचली. एकदा मला वाटलं, ते हसताहेत.

"माझा घोडाही जखमी केलास?"

"तो वाचतो, जनरल. दुसऱ्या परिच्छेदात."

"हे गेलं?"

"गेलं. एक तास झाला."

त्यांनी ताबडतोब एक स्वार पाठवला. टपालवाला प्रत्येक टप्प्यावर घोडा बदलतो. आमचा स्वार एकाच घोड्यावर. संध्याकाळी तो लंगडणाऱ्या घोड्याचा लगाम धरून चालत परत आला.

"दुरुस्ती छाप," जनरल मला म्हणाले. "आणि मी स्वतः पत्र लिहितो. नदी चढली, शहर घेतलेलं नाही. दोन ओळी. उद्याच्या टपालात."

मोलिने तंबूच्या खांबाला टेकून उभा होता. त्याच्या चेहऱ्याचा रंग गेला होता, पण आवाज ठीक होता.

"राष्ट्रसभेने उभं राहून टाळ्या वाजवायच्या आणि दुसऱ्या दिवशी खाली बसायचं?" तो म्हणाला. "कोणासाठी? तुझ्यासाठी?"

"मी चूक केलेली नाही, नागरिक."

"तू शहर घेतलेलं नाहीस. आणि तू ते घेतलंस असं माझ्या सहीनं कळवलंय. या दोन्हींतली एकच गोष्ट आता बदलता येते. नदी उतरू दे, आणि घे."

"नदी उतरेपर्यंत ते इकडच्या तटावर तीस तोफा आणतील."

"ते तुझं काम."

जनरलनी पत्र लिहिलं. मी ते मोलिनेकडे नेऊन दिलं. त्याने ते माझ्यादेखत शेगडीत टाकलं आणि म्हणाला, "हे पत्र गेलं तर आरोपींत पहिलं नाव तुझं येतं, व्हेर्देल. मग माझं. त्याचं तिसरं. विचार कर."

मी विचार केला. शेगडीतला कागद पूर्ण काळा होईपर्यंत मी तिथे उभा होतो. परत येऊन जनरलना सांगितलं, की पत्र दिलं. हे खोटं नव्हतं. दुरुस्तीचं पत्रक मी छापलं नाही, आणि त्यांनी विचारलं नाही, कारण मी सांगितलेलं काम करतो हे त्यांना माहीत होतं.

वीस तारखेला पॅरिसचं उत्तर आलं. पत्रक सभेत वाचलं त्या रात्री पॅरिसभर दिवे लावले होते. आमच्या फौजेने राष्ट्राची मोठी सेवा केली असा ठराव उभं राहून मंजूर झाला होता. एका रस्त्याला एर्लन्सबर्गचं नाव दिलं होतं. पास्कल रुएच्या बायकोला आणि तीन लेकरांना सभेच्या अध्यक्षाने सगळ्यांसमोर मिठी मारली होती. शेवटी हुकूम होता: एर्लन्सबर्गमध्ये चार हजार शिबंदी ठेवावी आणि बाकी फौज पुढे न्यावी. सभेचे दोन आयुक्त शहराला प्रजासत्ताकाचा झेंडा द्यायला निघाले आहेत. ते बावीसला पोचतील.

जनरलनी तो कागद दोनदा वाचला. तंबूत ते, मोलिने आणि मी, तिघेच होतो.

"माझ्या पत्राबद्दल यात काही नाही," ते म्हणाले.

ते आधी मोलिनेकडे आणि मग बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. मी खाली बघितलं. त्यांना कळलं. त्यांनी मला काही विचारलं नाही, शिवीही दिली नाही. दिली असती तर बरं झालं असतं.

"नदी किती?" मोलिनेने विचारलं.

"चार हात जास्त आहे."

"म्हणजे तीन उतरली."

"तटावर अठ्ठावीस तोफा आहेत. काल मोजल्यात मी. पंधराला चार होत्या."

"उद्या घे. आयुक्त परवा येतील. सहा दिवसांचा फरक कोण विचारतंय? शहर आपलं असलं, तर पत्रक खरं. आणि नसलं…" त्याने वाक्य सोडून दिलं. "सगळे जाऊ. तुझे अधिकारीही. त्यांच्यातल्या एकानेही पॅरिसला लिहिलं नाही की बातमी खोटी आहे. म्हणजे सगळे कटात."

"त्यांना पत्रकात काय होतं ते माहीतच नाही!"

"हे न्यायासनाला सांग."

ब्रिजार बाहेर गेले. नदीच्या काठाने ते तासभर चालत होते, एक काठी मधून मधून पाण्यात घालत. त्यांच्या बापाने आयुष्यभर हेच केलं असणार. मी लांबून बघत होतो. मला मनापासून वाटत होतं की त्यांनी नाही म्हणावं. मला हेही वाटत होतं की त्यांनी हो म्हणावं आणि शहर पडावं आणि माझी मान वाचावी. दोन्ही इच्छा सारख्याच जोराच्या होत्या.

परत येऊन ते म्हणाले, "उद्या पहाटे."

त्याच दुपारी रुए गाडीपाशी आला. बुटका, टक्कल पडलेला, कानामागे लाकडी चमचा खोचलेला. पॅरिसची बातमी तळावर पसरली होती.

"मी वेशीत मेलो म्हणे!" तो म्हणाला. "कसा दिसत होतो?"

ओदिलने पाठ फिरवली.

"शूर दिसत होतास," मी म्हणालो.

"बायकोला कोणी मोठ्या माणसानं मिठी मारली असं ऐकलं. ते मात्र बरोबर नाही हं. मी मेलो तरी बघतोय म्हणावं." तो खो खो हसला. "एक प्रत दे की. घरी गेलो की दाराच्या फटीतून आत सरकवतो, आणि मग मागोमाग मी."

"देऊ नकोस," ओदिल म्हणाली.

मी दिली. त्याने ती घडी करून ढोलाच्या पट्ट्याखाली खोचली.

"ए जुळारीणबाई," जाता जाता तो म्हणाला, "नाव तरी नीट जुळवलंस का माझं?"

"नीट जुळवलंय," ती म्हणाली. "जा आता."

एकवीस तारखेचा हल्ला पहाटे पाचला सुरू झाला आणि पावणेसातला संपला. मी टेकडीवर होतो. तीन पलटणी तराफ्यांवरून उतरल्या. पलीकडच्या काठावर तटापर्यंत दोनशे पावलं मोकळं कुरण होतं, पुराने गुडघाभर चिखल झालेलं. त्यात माणसं धावू शकली नाहीत. ती चालत गेली. अठ्ठावीस तोफांना एवढाच वेळ हवा होता. जनरल तिसऱ्या तराफ्यावर होते. ते परत आले, कारण कोणीतरी त्यांना ओढून आणलं. दुपारी हजेरी झाली: सहाशे त्रेचाळीस नव्हते. वेशीला आमच्या एकाही माणसाचा हात लागला नव्हता.

ओदिल स्वतः बघायला गेली. रुए वेशीपासून फार लांब, पाण्याच्या कडेलाच पडला होता. परत येऊन ती खिळे पेटीत परत घालू लागली.

"आता तरी खरं छाप," ती म्हणाली.

"आणि मग?"

"मग काही नाही." तिने हात पुसले. "आणि कोणी विचारलं तर मला यात ओढू नकोस. ओळ तुझी, मान तुझी. मी एकदा सांगून पाहिलं होतं."

दुसऱ्या दिवशी दुपारी आयुक्त आले. गाडीत रेशमी झेंडा होता. टेकडीवरून त्यांनी तटावरचं ऑस्ट्रियन निशाण पाहिलं, आणि मग कुरणावर पडलेली निळ्या कोटातली माणसं.

"हे काय?" थोरल्या आयुक्ताने विचारलं.

मोलिने कोणाच्याही आधी बोलला. "काल गेलं. पंधराला घेतलं होतं, काल गेलं. सहाशेवर माणसं पडली."

मी तिथे चार पावलांवर होतो. सात दिवस जी गोष्ट जुळत नव्हती, ती या एका वाक्याने जुळली. शहर घेतल्याचा पुरावा छापलेला होता, आणि गमावल्याचा पुरावा समोर कुरणावर पडला होता.

"शहर आपण घेतलंच नव्हतं," जनरल म्हणाले. "नदी चढली होती. मी तसं पत्र…"

"नागरिक जनरल," आयुक्त म्हणाला, "त्या ढोलवाल्याचं नाव सभेत वाचलं गेलं तेव्हा मी रडलोय. शंभर माणसांदेखत."

ब्रिजारना संध्याकाळी अटक झाली. आरोप: जिंकलेलं शहर शत्रूला परत दिलं.

खटला डिसेंबरच्या सुरुवातीला पॅरिसमध्ये उभा राहिला. सरकारी पक्षाने मला साक्षीला बोलावलं. मोलिने आदल्या दिवशी भेटला. तो लठ्ठ झाला होता. "तुला एकच प्रश्न येईल," तो म्हणाला. "पत्रक तू लिहिलंस का. तू म्हणायचं, हो. घरी जायचं."

मी ठरवलं होतं की सगळं सांगायचं. दीड महिना मी झोपेत ते कुरण बघत होतो. खरं सांगितलं तर माझं डोकं जाईल हे मी धरूनच चाललो होतो. त्या बदल्यात त्यांचं वाचेल असा माझा हिशेब होता.

न्यायासनाची खोली थंड होती. तरी बाकं भरली होती. बायका विणकाम घेऊन आल्या होत्या. ब्रिजार आरोपीच्या कठड्यात बसले होते. त्यांच्या अंगावरच्या कोटाचे जनरलचे पट्टे काढलेले होते आणि त्या जागी कापड जास्त निळं दिसत होतं. चेहरा पुन्हा सार्जंटसारखा झाला होता.

सरकारी वकिलाने पत्रक वर धरलं. "हे तू लिहिलंस?"

"हो."

"बस."

"मला पुढे सांगायचंय," मी म्हणालो. "हे मी चौदा तारखेला लिहिलं. हल्ल्याच्या आदल्या दिवशी. पंधराला हल्ला झालाच नाही. शहर कधीच आपल्याकडे नव्हतं."

खोलीत कुजबुज झाली. न्यायासनाच्या अध्यक्षाने घंटा वाजवली. मी सगळं सांगितलं: टपालाची वेळ, आमची पद्धत, नदी, शेगडीत गेलेलं पत्र. माझ्या कामात वाक्यं नीट लावायची सवय असते. ती त्या दिवशी उपयोगी पडली. मी अडखळलो नाही.

"म्हणजे," वकील म्हणाला, "पास्कल रुए हा ढोलवाला वेशीत मेला नाही?"

"तो एकवीसला मेला. वीसला मी त्याच्याशी बोललोय. त्याने पत्रकाची प्रत मागून नेली."

मागच्या बाकावरून एक बाई ओरडली, "हरामखोरा!" तिच्या शेजारच्या दोघींनी तिला धरून खाली बसवलं. ती रुएची बायको होती हे मला वकिलाने सांगितल्यावर कळलं. सभेच्या अध्यक्षाची मिठी तिला शोभून दिसली असेल. ती उंच होती.

"तुझं हे म्हणणं खरं सांगणारा कोण आहे?" वकिलाने विचारलं. "एक नाव दे."

ओदिलचं नाव माझ्या ओठांवर आलं. मी ते गिळलं. "प्रतिनिधी मोलिने," मी म्हणालो.

पहिल्या रांगेतून मोलिने उठला. "साक्षीदार खोटं बोलतो आहे," तो म्हणाला आणि बसला.

"हे पाहा," वकील न्यायाधीशांकडे वळला. त्याचा आवाज चढलेला नव्हता. "दोनच शक्यता आहेत. एक, पत्रक खरं आहे, आणि आरोपीने शहर गमावलं. दोन, पत्रक खोटं आहे. मग हा माणूस राष्ट्रसभेला फसवणारा आहे, आणि ज्यांनी ज्यांनी हे सहा दिवस चालू दिलं ते सगळे त्याचे साथीदार. जुळारी, टपालवाले, तिन्ही पलटणींचे कप्तान. मी सव्वीस नावं काढली आहेत. आरोपी दोन्ही शक्यतांत दोषीच राहतो, कारण फौज त्याची होती. प्रश्न एवढाच, की त्या कठड्यात एक माणूस बसावा की अठ्ठावीस."

मी माझा हिशेब पुन्हा केला. माझं डोकं देऊन त्यांचं सोडवता येईल असं मी धरलं होतं. तसा सौदाच तिथे नव्हता. माझ्या सत्याने त्यांचा एक केसही वाचत नव्हता. त्याने फक्त आणखी माणसं येत होती.

तेवढ्यात ब्रिजार उभे राहिले.

"मला बोलायचंय," ते म्हणाले. "या माणसाची माझ्यावर माया आहे. म्हणून तो असं बोलतो. पत्रक खरं आहे."

"जनरल!" मी म्हणालो.

"पत्रक खरं आहे," त्यांनी अध्यक्षाकडे बघूनच पुन्हा सांगितलं. "पंधराला मी शहर घेतलं. एकवीसला गमावलं. सहाशे त्रेचाळीस माणसं माझ्या हुकमाने गेली. माझ्या अधिकाऱ्यांनी काही केलेलं नाही, आणि छापणाऱ्यांनी तर नाहीच."

"कारण काय?" अध्यक्षाने विचारलं. "शहर का गमावलंस?"

त्यांनी क्षणभर विचार केला. "माझं धैर्य कमी पडलं," ते म्हणाले. "एका माणसाला नाही म्हणायचं होतं. ते जमलं नाही."

न्यायाधीशांना वाटलं, तो माणूस म्हणजे ऑस्ट्रियन सेनापती. कारकुनाने तसंच टिपून घेतलं. मोलिने आपल्या बोटातली अंगठी फिरवत होता.

अध्यक्ष माझ्याकडे वळला. त्याच्या आवाजात आता थोडी दयाही होती. "साक्षीदार, धन्याला वाचवायची धडपड न्यायासनाला समजते. तुझं आधीचं म्हणणं तू कायम ठेवतोस?"

मी ब्रिजारकडे पाहिलं. शेगडीच्या त्या संध्याकाळपासून त्यांच्या डोळ्याला डोळा द्यायची ही माझी पहिली वेळ होती. मला वाटत होतं तिथे राग असेल, निदान क्षमा तरी. तिथे फक्त घाई होती. एकोणीस वर्षं ज्या आवाजात ते मागे राहिलेल्या शिपायाला हाकारत आले होते, त्याच आवाजात ते हळूच म्हणाले, "व्हेर्देल. रांगेत जा."

"नाही," मी अध्यक्षाला सांगितलं. "मागे घेतो."

कारकुनाने लिहून घेतलं आणि कागद सहीसाठी माझ्याकडे सरकवला. मी तो सवयीने आधी एकदा वाचून पाहिला. त्यात एकही चूक नव्हती. मी सही केली.